अण्णांची ऊठबस: डाव्या अर्धांगवायूनंतर पलंगावरून खुर्चीत नेण्याचं एक प्रकरण

रुग्ण: पुरुष, वय ७१, उंची पाच फूट नऊ इंच, वजन ८२ किलो. मेंदूच्या उजव्या भागाचा रक्तपुरवठा अडल्याने डाव्या अंगाला अर्धांगवायू. बोलणं शाबूत, गिळणं ठीक, लघवीची नळी चालू. सांभाळणारी मुख्य व्यक्ती: पत्नी, वय ६४, वजन ४६ किलो, कंबरदुखी जुनी. मदतीला पुतण्या, पण तो द्राक्षबागेतून सवड मिळेल तसा. मुलगा-सून पुण्यात. तासगाव तालुक्यातलं गाव, पुढे सोपा आणि आत दोन खोल्या असं घर. मिरजेतल्या एका दवाखान्यातून घरी आल्यावर पाचव्या आठवड्यात मला बोलावणं आलं. निमित्त होतं डाव्या खांद्याचं दुखणं. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. रुग्णाला इथे अण्णा म्हणते आणि पत्नीला काकू. घरातही मी त्यांना तशीच हाक मारायचे.

खांदा तपासला. खांद्याच्या वरच्या हाडाच्या टोकाखाली माझं एक बोट सहज बसत होतं, म्हणजे दंडाचं हाड खोबणीतून खाली ओघळलेलं. काखेत पुढच्या बाजूला पिवळट पडत चाललेला काळानिळा डाग. रात्री कूस बदलली की कळ जायची. असा डाग आपोआप उठत नाही. म्हणून काकूंना म्हटलं, तुम्ही रोज यांना खुर्चीत कसं बसवता ते मला एकदा करून दाखवा.

दोघांनी दाखवलं. पुतण्याने डाव्या काखेत हात घातला, काकूंनी उजव्या. दुसऱ्या हाताने दोघांनी पायजम्याची कंबर धरली. "एक, दोन, तीन" झालं. पुतण्याने दोनलाच ओढलं, काकूंनी तीनला. अण्णा अर्धवट वर आले, डावं पाऊल घसरत पलंगाखाली गेलं, अंग डावीकडे कललं आणि शेवटी ते खुर्चीत बसले म्हणण्यापेक्षा पडले. खुर्चीचे ब्रेक लावलेले नव्हते, ती वीतभर मागे गेली. लघवीची पिशवी पलंगाच्या पलीकडच्या बाजूला अडकवलेली राहिली आणि नळी ताणली. मागच्या आठवड्यात पिशवीत लालसर लघवी आली होती असं काकू बोलता बोलता म्हणाल्या. संसर्गाची तपासणी झाली होती, नळीला बसणाऱ्या हिसक्याबद्दल कुणी विचारलं नव्हतं.

काकूंचं निदान वेगळंच होतं. "उचलताना मुद्दाम अंग टाकून देतात ओ. आम्ही हिकडं ओढतोय, ते तिकडं रेटतात. हट्टी स्वभाव पहिल्यापास्नंच."

वजनाचा हिशेब

बखोट धरून उठवणं ही आपल्याकडची सर्रास पद्धत. दवाखान्यात वॉर्डबॉय तसंच उठवतात, घरची माणसं ते बघून शिकतात. त्यात कुणाचं वजन कुठे जातं हे बघण्यासारखं आहे. माणसाचा एक आख्खा पाय शरीराच्या वजनाच्या साधारण १६ टक्के भरतो. म्हणजे अण्णांचा नुसता एक पाय १३ किलोंचा, आणि हात ४ किलोंचा. अमेरिकेतल्या व्यावसायिक सुरक्षा संशोधन संस्थेच्या सूत्रावरून २००७ मध्ये रुग्ण हलवण्यासाठी जो हिशेब मांडला गेला, त्यात सगळं अनुकूल असताना एका माणसाने हाताने पेलायचा भार ३५ पौंडांपर्यंत, म्हणजे जेमतेम १६ किलो सांगितला आहे. अण्णांचा एक पाय अंथरुणावर उचलून ठेवला की काकू त्या मर्यादेपाशी पोचतात. ८२ किलोंच्या माणसाला दोघांनी मिळून उचलणं हे या हिशेबात कुठेच बसत नाही. पुतण्या धट्टाकट्टा असला तरी बसत नाही.

इकडे खांदा. निरोगी खांद्यात दंडाचं हाड खोबणीत टिकून राहतं ते मुख्यतः स्नायूंच्या जोरावर, कारण खोबण अगदी उथळ असते. अर्धांगवायूत ते स्नायू ढिले पडतात. मग ४ किलोंचा हात दिवसभर नुसता लोंबतो आणि वर दिवसातून सहा-सात वेळा काखेतून हिसका. त्यात भर म्हणून सोप्यातल्या तुळईला दोरी आणि कप्पी टांगलेली होती. उजव्या हाताने दोरी ओढून डावा हात वर न्यायचा व्यायाम कुणीतरी सांगितला होता. पक्षाघाताच्या खांद्याला हा व्यायाम वर्ज्य समजला जातो. खांद्याचं पातं सोबत फिरत नाही आणि स्नायू हाडाला जोडणारे मधले दोर चिमटतात. कप्पी त्याच दिवशी काढायला लावली. अण्णांना ते आवडलं नाही. आपण काहीतरी करतोय असं वाटायला त्यांच्याकडे तेवढं एकच काम होतं.

"पडतोय मी, पडतोय"

आता त्या हट्टाकडे येऊ.

दवाखान्याच्या कागदावर सूचना होती: रुग्णाला चांगल्या बाजूकडे हलवावे. ही सर्वसाधारण सूचना बरोबर आहे. अर्धांगवायूच्या बहुतेक रुग्णांना खुर्ची सुदृढ अंगाच्या बाजूला ठेवून तिकडे न्यावं, कारण त्या पायावर भार घेता येतो आणि त्या हाताने खुर्चीचा हात पकडता येतो. काकूंनी ती सूचना तंतोतंत पाळली होती. खुर्ची नेहमी अण्णांच्या उजवीकडे.

मी अण्णांना पलंगाच्या कडेला बसवलं, पाय जमिनीला टेकवले आणि बाजूला बसून फक्त बघत राहिले. उजवा हात गादीवर रोवलेला, कोपर ताठ, बोटं पसरलेली. धड डावीकडे, म्हणजे लुळ्या बाजूकडे झुकत चाललेलं. मी त्यांना हळूच उजवीकडे सरळ करायला गेले तशी त्यांनी हाताने आणि उजव्या पायाने आणखी जोर लावला. "पडतोय मी, पडतोय. तिकडं नेऊ नका." प्रत्यक्षात मी त्यांना पडण्यापासून लांब नेत होते.

पॅट्रिशिया डेव्हिस या फिजिओथेरपिस्टने १९८५ मध्ये याचं सविस्तर वर्णन केलं. अशा रुग्णांना ढकलणारे रुग्ण म्हणतात. अंगाला 'सरळ' कशाला म्हणायचं याची जाणीवच कलते. त्यामुळे बाकीचे त्यांना सरळ करायला गेले की त्यांना आपण भलतीकडे कोसळतोय असं वाटतं आणि ते चांगल्या हातापायाने सगळी ताकद लावून विरोध करतात. त्यात हट्ट नसतो. मेंदूच्या उजव्या भागाला इजा झालेल्यांत हे जास्त आढळतं, आणि त्याच लोकांत डाव्या बाजूकडे दुर्लक्ष होणंही सापडतं. अण्णांना दोन्ही होतं. डाव्या बाजूने हाक मारली तर ते उजवीकडे शोधायचे. ताटातली डावीकडची भाजी तशीच राहायची आणि काकूंना वाटायचं, चव लागत नाही.

एक गोष्ट मात्र अशा माणसांत बहुधा शाबूत असते: डोळ्यांना उभी रेघ उभीच दिसते. अण्णांना समोरच्या दाराची चौकट दाखवली. "ही चौकट सरळ आहे का?" "आहे की." "मग तुमचं अंग तिच्याशी जुळवा." थोडा वेळ जुळलं. नजर हलली की पुन्हा ढळलं. पण काकू बघत होत्या, आणि हा माणूस मुद्दाम करत नाही हे त्यांना बहुधा तेव्हा पटलं. त्या काही बोलल्या नाहीत, फक्त पदराने त्यांच्या कपाळावरचा घाम टिपला.

याचा हलवण्याशी सरळ संबंध आहे. ढकलणाऱ्या माणसाला चांगल्या बाजूकडे न्यायचं म्हणजे त्याच्या पूर्ण ताकदीविरुद्ध न्यायचं. सुरुवातीच्या काळात त्याला लुळ्या बाजूकडे नेणं सोपं पडतं, कारण तो तिकडे आपणहून जातच असतो. आपल्याला फक्त तो वेग आवरायचा असतो आणि लुळा गुडघा सांभाळायचा असतो. अण्णांच्या बाबतीत मी सर्वसाधारण सूचना बाजूला ठेवली आणि खुर्ची डावीकडे घेतली. हे सगळ्यांनी करावं असं अजिबात नाही. ढकलणं नसेल तर चांगलीच बाजू. आणि हे ढकलणं बहुतेकांमध्ये काही महिन्यांत ओसरतं. ते ओसरलं की पुन्हा नेहमीच्या पद्धतीवर यायचं.

खोली

पलंगाची डावी बाजू भिंतीला लागून होती. साहजिक आहे, माणूस पडू नये म्हणून. पण त्यामुळे येणारा-जाणारा, औषध, पाणी, मोबाइल, दूरदर्शनचा संच सगळं उजवीकडे. डावी बाजू ते विसरले होतेच, घराने ती भिंतीत पुरली होती. दिवाण फिरवून डावी बाजू मोकळी केली.

मग टेप घेतली. दिवाणावर बसल्यावर गादी दबून जमिनीपासून उंची भरली १६ इंच. चाकाच्या खुर्चीची बैठक २० इंच. म्हणजे प्रत्येक वेळी अण्णांना चार इंच चढ चढवत होते. कितीही ताकद असली तरी हे चार इंच कमरेतूनच वसूल होतात. सुताराकडून बाभळीचे चार ठोकळे करून घेतले, चार इंच उंचीचे, वर दिवाणाचा पाय बसेल एवढी खाच. विटा ठेवायचा विचार पुतण्याचा होता. विटेवरून पाय घसरला तर दिवाणासकट माणूस जाईल. दिवाणाखाली ठोकळे आल्यावर बैठका एका पातळीत आल्या. दवाखान्यातला पलंग वर-खाली होतो, त्यामुळे जाताना आणि येताना दोन्ही वेळा उतार मिळवता येतो. घरी ते नाही, मग निदान सपाटी तरी.

एअर बेड, म्हणजे पडून राहून जखमा होऊ नयेत म्हणून पंपाने हवा भरायची गादी, तीन फुटी, दिवाण चार फुटी. एअर बेड मधोमध अंथरला होता, त्यामुळे कडेला बसलं की ती फुगीर कड दबून अण्णा पुढे घसरायचे. तो आतल्या बाजूला सरकवला आणि उतरायच्या बाजूला फूटभर काथ्याची टणक गादी मोकळी ठेवली. एवढ्या एका बदलाने कडेवर बसणं निम्मं सुधारलं. एअर बेडबद्दल माझं मत थोडं कडवट आहे. तो आणला की घरच्यांना वाटतं आता कूस बदलायला नको. अण्णांच्या माकडहाडावर लालसर चट्टा होता, बोटाने दाबला तरी पांढरा पडत नव्हता. बेडसोरची, म्हणजे पडून राहून होणाऱ्या जखमेची, ती पहिली पायरी. पंप चालू, हवा भरलेली, आणि माणूस रात्रभर उताणा.

खुर्चीही बदलली. तिचे हात जोडलेले होते, निघत नव्हते. त्यामुळे दर वेळी त्या हातावरून वळसा घालून माणूस न्यायचा. आपल्याकडे बऱ्याच गावांत रुग्णोपयोगी साहित्य केंद्रं असतात, अनामत भरून नाममात्र भाड्यावर वस्तू मिळते. तिथून काढता येणाऱ्या हातांची, पाय ठेवायच्या पट्ट्या बाजूला वळणारी खुर्ची आणली. ६५ वर्षांवरच्यांसाठी राज्याची मुख्यमंत्री वयोश्री योजना आहे, २०२४ पासून, त्यात साहित्यासाठी ३,००० रुपये मिळतात. पण उत्पन्नाची अट दोन लाखांची आहे आणि बागायतदाराचं घर त्यात बसलं नाही.

प्रत्यक्ष हलवणं

आधी एक खबरदारी. आडव्या अवस्थेत अण्णांचा रक्तदाब १३८ वर ८४ होता, कडेला बसवल्यावर तीन मिनिटांनी ११२ वर ७०. वरचा आकडा २० किंवा त्याहून जास्त उतरला तर ते दखल घेण्यासारखं. ते पांढरे पडायचे, जांभया द्यायचे, आणि नेमकं त्याच क्षणी त्यांना घाईघाईने उभं केलं जायचं. त्यांच्या डॉक्टरांना आकडे कळवले, त्यांनी गोळ्यांच्या वेळा बदलल्या. आमच्याकडून बदल एवढाच की बसवल्यावर दोन-तीन मिनिटं काहीही करायचं नाही. काकू तेवढ्यात त्यांचे केस विंचरायच्या.

उठवणं कुशीवरून. डाव्या कुशीवर वळवायचं म्हणजे लुळा खांदा अंगाखाली येणार, म्हणून आधी पात्याखाली तळहात घालून तो पुढे काढून घ्यायचा; मनगट धरून ओढायचं नाही. उजवा गुडघा ते स्वतः दुमडतात, डावा काकू दुमडतात. मग एक हात खांद्याच्या मागे, एक हात कमरेच्या हाडावर, आणि वळवणं. कुशीवर आल्यावर दोन्ही पाय कडेबाहेर सोडायचे. पायांचं वजन खाली जाताना धड वर यायला मदत करतं, आणि अण्णा उजव्या तळहाताने गादी रेटतात. इथे त्यांची ढकलायची सवय चक्क उपयोगी पडली.

लघवीची पिशवी उठवण्याआधी, ज्या बाजूला जायचं त्या बाजूला आणि मूत्राशयाच्या पातळीखाली. पहिला मान तिचा. काकूंनी हे इतकं मनावर घेतलं की पुढे पुतण्या खुर्ची आणायला गेला तरी त्या "आधी पिशवी" म्हणून त्याला थांबवायच्या.

खुर्ची कुठे ठेवायची यावर दोन दिवस गोंधळ झाला. अण्णा पलंगाच्या डाव्या कडेवर बसले की त्यांचा डावा हात उशीच्या दिशेला येतो. म्हणून पलंगावरून जाताना खुर्ची उशाशी. परत येताना मात्र पलंग त्यांच्या डावीकडे यायला हवा, म्हणून खुर्ची पायथ्याशी. काकूंनी ते "जाताना उशाशी, येताना पायथ्याशी" असं पाठ केलं. खुर्ची पलंगाला किंचित तिरकी, ब्रेक दोन्ही चाकांचे, पलंगाकडचा हात काढलेला, पायपट्ट्या बाजूला.

मग पुढे सरकून बसणं. एका वेळी एक बाजू, नितंबांवर चालल्यासारखं. पाऊल गुडघ्याच्या किंचित मागे. बरीच माणसं पाय पुढे पसरलेल्या अवस्थेत उठवतात; त्या अवस्थेत निरोगी माणसालाही उठता येत नाही, स्वतः करून बघा. डाव्या पायात पट्टा लावायची रबरी तळाची चप्पल, कारण मोजा घालून फरशीवर पाय थारत नाही.

काकू समोर, थोड्या डावीकडे. त्यांचे दोन्ही गुडघे अण्णांच्या डाव्या गुडघ्याला पुढून आणि बाजूने आधार देतात, गुडघा मुडपणार नाही एवढाच. अण्णांचा उजवा हात कुठे? तो मोकळा सोडला की गादीवर रोवला जातो आणि रेटणं सुरू. म्हणून उजव्या हाताने स्वतःचं डावं मनगट धरून दोन्ही हात पोटाशी. काकूंच्या गळ्यात हात टाकायची सक्त मनाई. घाबरलेला माणूस गळ्याला लटकला तर मान आणि कंबर एकदम जाते. कमरेला रुंद पट्टा बांधला, पोटावर दोन बोटं जातील इतपत घट्ट. पायजम्याची कंबर धरण्यापेक्षा हे शंभर वाट्याने बरं. पायजमा वर येतो, माणूस येत नाही.

पुतण्या मागे, पलंगावर एक गुडघा टेकून, पट्ट्याच्या मागच्या बाजूला हात.

"तयार?" अण्णांनी "हो" म्हटल्याशिवाय कुणी हलायचं नाही. आकडे बंद केले. शब्द ठरवले: "वाका" आणि "सरका". "वाका" म्हटलं की अण्णा पुढे वाकतात, नाक पायाच्या अंगठ्यांच्या पुढे येईपर्यंत. काकू मागे रेलत त्यांना वाकायला जागा देतात. समोरचा माणूस छातीला छाती लावून उभा राहिला की रुग्णाला वाकताच येत नाही, आणि मग वजन सगळं मागे राहतं, ते उचलावं लागतं. इथे अंग पुढे गेलं की बूड आपोआप हलकं होतं. गादीपासून चार बोटं सुटलं की "सरका". पूर्ण उभं करायचंच नाही. उभ्याने अण्णांचं ढकलणं जास्त. एकदम खुर्चीतही न्यायचं नाही. कडेवरून पलंग आणि खुर्ची यांच्या मधल्या सांध्यावर, तिथे थांबायचं, श्वास, पाऊल पुन्हा नीट, मग खुर्चीत. पहिल्यांदा हे जमलं तेव्हा काकू थक्क होऊन म्हणाल्या, "वजनच लागलं नाही." लागलं होतं, ते अण्णांच्या पायांवर गेलं होतं.

खुर्चीत बसल्यावर डाव्या हाताखाली मांडीवर उशी. हात लोंबता दिसला की घरातल्या कुणीही तो उचलून उशीवर ठेवायचा, मनगटाला नाही तर कोपराखालून धरून.

पलंगावर वर सरकवण्याचा प्रश्न वेगळा होता. माणूस खाली घसरतो, दोघं काखेत हात घालून वर ओढतात. खांदा दुखावतो आणि माकडहाडाची कातडी चादरीवर घासते. बाहेर यासाठी गुळगुळीत कापडाची नळी मिळते. काकूंच्या एका सिंथेटिक साडीची तशीच नळी शिवून घेतली. कुशीवर वळवून ती खांद्यापासून मांडीपर्यंत खाली सारायची, उशाकडचा उंचवटा काढून टाकायचा, अण्णांनी उजवा गुडघा दुमडून टाच रोवायची आणि स्वतः रेटायचं. कापडावर कापड सरकतं. काम झालं की नळी लगेच काढायची, नाहीतर बसल्या जागी माणूस खाली येतो. दोघांचं काम एकट्या काकू करू लागल्या, फक्त घाई नसेल तर.

काढणीच्या दिवसांत

बागेत काढणी सुरू झाली आणि पुतण्या पहाटेपासून गायब. अण्णांना आपण चालू शकतो अशी खात्री होती. उजव्या मेंदूच्या इजेत हेही दिसतं, आपल्याला काय झालंय याचाच अंदाज नसतो. एका सकाळी काकू चहा ठेवायला आत गेल्या आणि हे एकटे उठायला निघाले. काकू पोचल्या तेव्हा ते निम्मे कडेबाहेर होते.

असं होणार हे धरून आम्ही आधीच सराव केला होता. पडणाऱ्याला वर ओढायचं नाही. काकूंनी एक पाय पुढे घेतला, पट्टा धरला आणि अण्णांना आपल्या मांडीवरून घसरत जमिनीवर येऊ दिलं, डोकं तेवढं सांभाळलं. मग उशी दिली, पांघरूण घातलं आणि शेजारी फोन केला. डोक्याला मार, कमरेत किंवा जांघेत कळ, एक पाय आखूड किंवा बाहेर वळलेला यातलं काही असतं तर हलवायचं नाही, १०८ ला फोन. हे भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहिलेलं होतं. तसं काही नव्हतं. अण्णा मात्र चिडलेले, "उचला की मला."

शेजारची चार पोरं आली ती हात-पाय धरून उचलायच्या तयारीने. काकूंनी उचलू दिलं नाही. पाट आणला, मग भिंतीला टेकवून जड सागवानी चौरंग. जमिनीवरून पाटावर, पाटावरून चौरंगावर, चौरंगावरून पलंगावर. प्रत्येक टप्प्याला दोघं पट्ट्याला, एकजण डाव्या गुडघ्याला, एकजण चौरंग धरून, आणि अण्णांचा उजवा पाय रोवलेला. वेळ लागला. चहा उतू गेला तो वेगळाच. पोरांना हे फारच संथ वाटलं असं काकूंनी नंतर सांगितलं. पण कुणाच्या कमरेत उसण भरली नाही आणि अण्णांच्या खांद्याला कुणी हात लावला नाही.

त्यानंतर अण्णांच्या उठण्याच्या वेळा आपणच ठरवून टाकल्या. ते उठायचा प्रयत्न बहुधा कंटाळून करायचे. सकाळी आठला आणि दुपारी चारला खुर्ची, पडवीत, रस्ता दिसेल अशी. डावा कान रस्त्याकडे.

आठ आठवड्यांनंतर

खांद्यातली रात्रीची कळ कमी झाली, पोकळी मात्र अजून आहे, अर्ध्या बोटाची. ती भरेल का हे स्नायूंत जोर किती येतो यावर. माकडहाडावरचा चट्टा गेला. डाव्या कुशीवरून बसणं अण्णा जवळजवळ स्वतः करतात. ढकलणं कमी झालंय, चौकटीकडे बघायला सांगावं लागत नाही, म्हणून आता खुर्ची उजवीकडे ठेवून सराव सुरू केला आहे. काकूंना त्यांचं पाठ केलेलं वाक्य उलटं करावं लागलं आणि त्याबद्दल त्यांनी मला बरंच ऐकवलं. काकूंची कंबर दुखायची पूर्ण थांबलेली नाही. थांबणारही नाही, कारण घरातली बाकीची कामं आहेतच.

मिरजेला दाखवायला नेताना मोटारीचा प्रश्न आला. जीप उंच पडते, छोट्या मोटारीचं दार अरुंद. पुढची सीट पूर्ण मागे घेऊन तिच्यावर प्लॅस्टिकची पिशवी अंथरली, पाठमोरं आधी बूड टेकवलं, डोकं आपटू नये म्हणून दाराच्या वरच्या कडेला हात, आणि मग दोन्ही पाय एकत्र आत फिरवले. पिशवीवर बूड सहज फिरलं. फिरल्यावर पिशवी काढली, नाहीतर ब्रेक लागला की माणूस पुढे.

न्हाणीचं अजून जमलेलं नाही. दार २७ इंची, त्यात चाकांची खुर्ची जात नाही. कमोडची अरुंद खुर्ची जाते, पण चार इंचांच्या उंबऱ्यावर अडते. तेवढा उंबरा दोघांनी खुर्चीसकट उचलून पार करावा लागतो, आणि ओल्या फरशीवर ते मी करू देत नाही. सध्या आंघोळ पडवीत, आडोसा लावून. मुलगा पुढच्या महिन्यात पुण्याहून येईल तेव्हा उंबरा फोडून उतार करायचा आणि संडासाच्या उजव्या भिंतीला दांडी बसवायची असं ठरलंय. गवंड्याला उताराचं माप लिहून दिलं आहे: चार इंचांच्या चढाला निदान चार फूट लांबी.